करंगळीचं दुखणं

तिची त्याच्याशी ओळख व्हायच्या आधी त्याच्या मोज्यांशी झाली. एकावर एक चढवलेले तीन जोड, आणि त्यातला वरचा तर जाड लोकरीचा, अंगठ्यापाशी रफू केलेला.

दुकान बाजाराच्या चढावर होतं. वर काउंटर आणि काउंटरमागे तिचे काका. तिथून अकरा लाकडी पायऱ्या उतरल्या की खालचं तळघर हिचं. स्कीचे बूट विकणारी दुकानं त्या डोंगरगावात पैशाला पासरी, पण बूट माणसाच्या पायाला नीट बसवून देणारी जागा ही एवढीच. काकांकडून ती हे काम शिकली आणि काकांची कंबर धरल्यापासून सगळं तिच्यावरच आलं. तळघराला छताजवळ एक आडवी खिडकी होती, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून दिवसभर फक्त लोकांचे पाय दिसायचे.

त्या सकाळी तिने वर पाहिलं ते आवाजाने. कुणीतरी बूट घालूनच जिना उतरत होतं. सातव्या पायरीपर्यंत तो ठीक आला, पुढच्या चार मात्र बसून उतरला आणि थेट तिच्या स्टुलापाशी येऊन थांबला.

"बरोबर जागी आलो वाटतं," तो जमिनीवरूनच म्हणाला.

तिला हसू आलं, पण कामाच्या वेळी हसायचं नाही असं तिचं आपलं एक होतं. तिने त्याला खुर्चीत बसवलं, बूट काढले आणि एकामागून एक मोजे उतरवायला लागली. तिसऱ्या जोडाला तिने विचारलं की आत पाय आहे ना नक्की? तो म्हणाला, सकाळपर्यंत तरी होता.

बूट मित्राचे होते, दोन नंबर मोठे. म्हणून मोजे. सगळे हेच करतात बघा... पाय दुखला की मोठा बूट घ्यायचा, मोठा बूट हलला की मोजे भरायचे आणि मग आत पाय शेंगेतल्या दाण्यासारखा खुळखुळतो. तिने हे सगळं त्याला ऐकवलं. तोही मुकाट ऐकत राहिला. ऐकताना बुटाकडे बघत नव्हता, एवढं तिच्या लक्षात आलं.

मग तिने त्याला अनवाणी मापाच्या पट्टीवर उभं केलं. बसलेल्या माणसाचा पाय आणि उभ्या माणसाचा पाय यांत फरक पडतो, म्हणून उभ्यानेच मोजायचं. डावा सव्वीस सेंटिमीटर, उजवा साडेसव्वीस. त्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या मोठ्या पायाच्या नावाने ओळखलं जायचं. तो त्या क्षणापासून साडेसव्वीस झाला.

तिने एक नवा बूट घेतला आणि आतलं मऊ अस्तर उपसून काढलं. नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात त्याचा पाय घातला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायला स्वतःची बोटं आत सरकवली. दीड बोट. अगदी हवी तेवढी. तो मात्र दचकून आखडला.

"दिवसभर बर्फात असतो मी," तो म्हणाला, "पण इतकं गार काही लागलं नव्हतं."

"पाय हलवू नका."

"नाही हलवत... तुम्ही हात काढायची घाई करू नका."

तिने हात काढला. थोडा उशिराच काढला म्हणा ना.

पुढचं सगळं रीतसर झालं. अस्तर तापवून मऊ केलं, एकच पातळ मोजा घातला, टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवली, बकलं लावली. गुडघे पुढे वाकवायला सांगितले. वाकल्यावर बोटं टोकापासून किंचित मागे आली, टाच जागची हलली नाही. तो म्हणाला, आवळतंय. ती म्हणाली, आवळणं वेगळं आणि दुखणं वेगळं, आणि हे ज्याला कळलं त्याला स्की करता येते. मग तिने त्याला दुकानाचा नियम सांगितला. नवा बूट घरी न्यायचा, तीन दिवस रोज दोन तास घरातच घालून बसायचं. तोवर बुटाला हात लावायचा नाही. काका म्हणायचे, पाय आधी रुसतो, मग रुळतो. रुसला म्हणून लगेच प्लॅस्टिक तापवायला घेतलं, तर बूट वाया गेला म्हणून समजा.

बूट बांधता बांधता त्याने आपलं सगळं सांगून टाकलं. डोंगरावर जखमी झालेल्यांना घसरगाडीवरून खाली आणणारी बचाव तुकडी असते, तिच्यात तो उमेदवार होता. दोन आठवड्यांनी परीक्षा. संधी दोनच. पास झाला तर कायमची नोकरी आणि याच गावात मुक्काम. नाहीतर खाली सपाटीवर, मेहुण्यांच्या फरश्यांच्या दुकानात. ताईला त्याने शब्द दिला होता... हा हंगाम शेवटचा, जमलं तर जमलं, नाहीतर निमूट परत येईन.

तो गेल्यावर तिला उगीचच वाटलं की फरश्या विकणं हे फार वाईट काम असावं.

तीन दिवस थांबायचं होतं. तो दुसऱ्याच दिवशी आला. बूट घालून खोलीत फिरलो तर खालच्या मालकीणबाईंनी छताला झाडू बडवला, असं सांगून त्याने पाय पुढे केला आणि म्हणाला, "करंगळीपाशी जरा टोचतंय."

दुसरा कुणी असता तर तिने त्याला जिना दाखवला असता. आजवर किती जणांना दाखवला होता. एक बाई तर रडकुंडीला आल्या होत्या, तरी ही बधली नव्हती. पण साडेसव्वीसने तोंड असं केविलवाणं केलं की हिने मुकाट त्याचा बूट हातात घेतला. तिने कवच तापवलं, करंगळीच्या जागी आतून दाब देणारा प्रेस लावून बाहेरच्या बाजूला फुगवलं. तासभर लागला. तो तासभर समोर बसून राहिला.

दोन दिवसांनी घोट्याच्या आतलं हाड. मग पावलाची कड. मग टाच. प्रत्येक वेळी ती कवच तापवायची, जरा फुगवायची, जरा जागा करून द्यायची. तळघरात तापल्या प्लॅस्टिकचा वास भरायचा आणि खिडकीच्या वरच्या काठाला लोंबणारं बर्फ थेंबाथेंबाने गळत राहायचं. तिचा एप्रन आठवड्यात दोनदा धुतला गेला. गेल्या वर्षभरात एकूण किती वेळा धुतला होता, ते न विचारलेलं बरं.

एकदा त्याने खिडकीकडे बोट करून विचारलं, यातून नुसते पाय बघून कंटाळा नाही येत? ती म्हणाली, मुळीच नाही, मी सगळं गाव पायांवरून ओळखते. समोरून टपालवाले गेले ते उजव्या टाचेवर भार देतात. बचाव तुकडीच्या प्रमुख बाई चालतात तेव्हा बर्फ करकरत नाही, गप्प बसतं.

"आणि मी कसा ओळखू येतो?"

"तुम्ही थांबता," ती हातातल्या कामाकडे बघत म्हणाली. "खिडकीपाशी. मग पुढे जाता. मग परत येता... आणि मग जिना उतरता."

त्याचे कान लाल झाले. थंडीने झाले असतील, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

वरून काका सगळं ऐकत असत. त्या संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी विचारलं, त्या साडेसव्वीसच्या पायाला एवढी बोटं तरी आहेत का गं? ती म्हणाली, पाय नाजूक आहे त्याचा. काका "हं" म्हणाले आणि शटर ओढायला लागले.

गुरुवारी परीक्षा झाली. ती गेली नाही. गिऱ्हाइकं होती, आणि शिवाय कुठल्या नात्याने जाणार? ती खिडकीखाली बसून काम करत राहिली, म्हणजे एकच बकल चार वेळा लावलं आणि काढलं. दुपारी त्याचे पाय दिसले. हळू, जड. तिने हात पुसले. पाय खिडकीपाशी आले... आणि थांबले नाहीत. सरळ पुढे गेले.

तासाभराने प्रमुख बाई स्वतःच्या बुटाचं बकल बदलायला आल्या. बाई बोलायला फटकळ, पण मनाने सरळ. हिने विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं. पोरगा पहिल्या उतारावर छान होता, पुढे कडक बर्फ लागल्यावर वळणच घेता येईना. गुडघा वळतोय, पण स्की मागून सावकाश येतेय. दोनदा पडला. घसरगाडी हातातून सुटून उताराच्या कडेच्या जाळीत गेली, नशीब तिच्यात वाळूच्या पिशव्या होत्या. रविवारी दुसरी संधी आहे, पण तो नको म्हणतोय. म्हणे, आपल्यात तो दमच नाही, उगाच कुणाचा जीव जायचा.

"टाच उचलत होती त्याची?" तिने विचारलं.

बाईंनी आठवून पाहिलं. "हो. प्रत्येक वळणाला."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. बुटाने टाच धरली नाही की पाय आधी वळतो आणि स्की मागून येते, हे तिला तोंडपाठ होतं. आणि ती टाच ढिली कुणी केली? हिनेच की. चार वेळा तापवून, फुगवून, मायेने. दुखू नये म्हणून केलं आणि माणूस पाडला. चांगला बूट हिने हाताने बिघडवला आणि तो बिचारा स्वतःलाच नावं ठेवत बसला होता.

बाईंचं बकल तसंच अर्धं टाकून ती जिना चढली. काकांना फक्त "आले" म्हणाली. एप्रन अंगावरच होता.

बिलावरच्या पत्त्यावर ती पोचली तेव्हा त्याच्या मालकीणबाईंनी दार उघडलं आणि झाडूनेच वरची खोली दाखवली. खोलीचं दार सताड उघडं होतं. पलंगावर बॅग, बॅगेत घड्या, आणि दाराजवळ ते बूट, शेजारी शेजारी ठेवलेले. तो तिला पाहून उभा राहिला. मेहुण्यांना फोन केलाय, म्हणाला. सोमवारी निघतो. तुम्हाला भेटायला येणारच होतो, पण तोंड कसं दाखवू ते कळेना... एवढी मेहनत घेतलीत तुम्ही.

"खाली बसा," ती म्हणाली. "पाय द्या."

तिने त्याला बूट घातला, बकलं लावली, गुडघे वाकवायला लावले. मग मागून बुटात बोट सरकवलं. टाच वर आली. चांगली बोटभर वर आली. तिला रडूच फुटलं.

"तुमच्यात दम नाही असं काही नाहीये," ती म्हणाली. "बूट ढिला आहे. मी ढिला केला. पहिल्या दिवशी तो अगदी बरोबर होता, त्यानंतर मी त्याला हात लावायलाच नको होता. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे."

त्याने एक बकल उघडलं. मग सावकाश विचारलं, "सगळ्यांचं दुखणं असं लगेच मनावर घेता?"

"नाही. सगळ्यांना तीन दिवस थांबवते. तुम्हाला थांबवता आलं नाही." तिने बाहीने डोळे पुसले. आता एवढं बोललंच आहे तर उरलेलं कशाला ठेवा, असं तिला वाटलं असावं. "तुम्ही तोंड वाकडं केलं की मला बघवत नाही. का बघवत नाही, ते तुमचं तुम्ही समजा."

तो बुटातल्या पायाकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असे काही भाव आले की तिला वाटलं, हा आजारी पडतोय की काय.

"माझी करंगळी दुखत नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"करंगळी. घोटापण नाही. टाच तर नाहीच नाही. पहिल्या दिवसापासून काहीच दुखत नव्हतं. घरी बूट घालून बसलो, दोन तासांत पाय रुळला. मग मला भीती वाटली... आता परत यायला कारण काय सांगू?"

ती बघतच राहिली. आणि मग जी भडकली ती विचारू नका. चार वेळा प्लॅस्टिक तापवलं मी, माझी दोन बोटं भाजली, काकांचा नियम मोडला, रात्र रात्र विचार करत बसले की याच्या पायाचं हाड कुठून असं वेडंवाकडं आहे, आणि तुम्ही... तुम्हाला जिना उतरून नुसतं "आलो" म्हणता येत नव्हतं? तो म्हणाला, नव्हतं. अकरा पायऱ्या उतरेपर्यंत रोज तेच ठरवायचो, आणि बाराव्या पावलाला करंगळी आठवायची.

तिने दाराजवळचा दुसरा बूट त्याला फेकून मारायला उचलला आणि उचलता उचलताच हसू फुटलं. तोही हसायला लागला, सुटल्यासारखा. खालून छताला झाडू बडवल्याचा आवाज आला, तरी दोघांना थांबता येईना. हसता हसता तो पलंगावर बसला, तोंडावर हात घेतला आणि म्हणाला, "म्हणजे माझे पाय ठीक आहेत."

"तुमचे पाय उत्तम आहेत. डोकं बघावं लागेल."

त्याचा जीव भांड्यात पडला. तिचाही पडला, आणि दोघांचा एकदमच पडला असणार.

दोघं बूट घेऊन दुकानात आले तेव्हा काका काउंटरवर चहा पीत होते. सगळं ऐकून त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. ज्याचा पाय दुखतो तो माणूस एकेक पायरी उतरतो, ते म्हणाले, आणि हा रोज दोन-दोन उतरत होता. पहिल्या दिवसासारखा बसूनबिसून आलाच नाही परत. मग तुम्ही मला बोलला का नाहीत, असं पुतणी कडाडली, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मला काय माहीत? तो ताकाला येऊन भांडं लपवतोय, आणि तू ते भांडं दिसत असून मुकाट ताक वाढतेयस. मला वाटलं, तुमचं आपसांत ठरलेलं असेल."

मग ते कंबर सांभाळत जिना उतरले, पुष्कळ दिवसांनी. बूट हातात घेऊन फिरवून पाहिला आणि सांगितलं, घाबरू नका, कुठे घासलेलं नाही, नुसतं फुगवलंय. प्लॅस्टिकला आपला पहिला आकार आठवतो. तापवा, प्रेस लावू नका, आपोआप मागे येईल. तसंच झालं. शुक्रवारभर तिने एकेक जागा तापवली, आणि कवच सावकाश आत येत गेलं. अस्तर घोट्याभोवती दबलं होतं, तिथे तिने पातळ गाद्या चिकटवल्या. तो समोरच बसला होता, आणि आज त्याला त्यासाठी काही कारण लागलं नाही.

"आता खरंच आवळतंय हं," बकलं लावल्यावर तो म्हणाला.

"आवळतंय की दुखतंय? आणि खरं सांग."

"आवळतंय." तिने "सांग" म्हटलेलं त्याने बरोबर टिपलं होतं. "खरं सांगतोय. तुझ्याशी खोटं बोलून मी एकदा जाळीत गेलोय."

रविवारी दुकान बंद ठेवलं. काकांनीच पाटी उलटी केली. वर कडक ऊन होतं आणि बर्फ त्याहून कडक. दुसऱ्या परीक्षेला घसरगाडीत वाळू चालत नाही, जिवंत माणूस लागतो. कोण झोपतंय, असं प्रमुख बाईंनी विचारलं. तुकडीतल्या लोकांनी गुरुवारची जाळी पाहिली होती. ते एकमेकांकडे बघायला लागले.

"मी झोपते," ती म्हणाली. "बूट मी बसवलाय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी तिला पट्ट्यांनी घट्ट बांधलं, वर पांघरूण घातलं. नुसतं निळं आकाश दिसत होतं, आणि मान जरा उचलली की पुढच्या दांड्यांमध्ये उभी त्याची पाठ. त्याने टाच दोनदा बर्फावर आपटली, बकलं लावली. तिने तो आवाज ओळखला.

निघाले. पहिला उतार सोपा होता. मग कडक बर्फ आलं, खालून खरखर ऐकू यायला लागली, आणि तिने डोळे मिटले. तिला भीती वाटत नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिने फक्त कान दिले. गुडघा वळला की स्की त्याच क्षणी वळत होती, मागून येत नव्हती. डावं वळण... उजवं... परत डावं. टाच बसली होती. पाचव्या वळणाला तिने डोळे उघडले आणि आकाशच बघत राहिली.

गाडी खाली येऊन थांबली, इतकी अलगद की तिला कळलंही नाही. प्रमुख बाई हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन पुढे आल्या. परीक्षेचा शेवटचा भाग उरला होता. खाली पोचल्यावर जखमीची विचारपूस करायची, नियमाप्रमाणे, मोठ्या आवाजात. तो दांड्यांतून बाहेर आला आणि तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. धापा टाकत होता, भुवयांवर बर्फ होतं.

"आता काळजीचं कारण नाही," तो नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणाला. "कुठे दुखतंय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. हसायचं नाही, कामाची वेळ होती.

"करंगळीपाशी," ती म्हणाली. "जरा टोचतंय. रोज येऊन बघावं लागेल."

बाईंनी दोघांकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि पाटीवर लिहिलं, जखमी शुद्धीवर नाही, उमेदवार पास.